डिस्क इमेज म्हणजे नेमकं काय, ती का वापरतात आणि जुन्या सीडींची इमेज करताना कुठे चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा: नव्या लॅपटॉपला सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्हच नाही. लिनक्स डाउनलोड केलं तर एकच मोठी आयएसओ फाइल हाती आली. ती पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही. ही इमेज म्हणजे झिप फाइलच का? आणि घरात लग्नाच्या व्हीसीडी, नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीडी, स्टुडिओने दिलेल्या फोटोंच्या सीडी असा गठ्ठा पडून आहे. त्यांच्याही इमेज करून ठेवता येतील का?

झिप नाही. पुढच्या बहुतेक अडचणी याच एका गैरसमजातून येतात, म्हणून आधी तो दूर करू. झिपमध्ये फायली असतात. इमेजमध्ये तबकडीचे सेक्टर असतात, म्हणजे तबकडी ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाचली-लिहिली जाते ते तुकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. वहीतला मजकूर दुसऱ्या वहीत उतरवून घेणं वेगळं आणि त्या वहीच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढणं वेगळं: झेरॉक्समध्ये अनुक्रमणिका येते, समास येतो, मधली कोरी पानंही येतात. तसंच इमेजचं आहे. फायलींची नावं, फोल्डरांची रचना, कोणती फाइल कितव्या सेक्टरपासून सुरू होते याची नोंद, मशीन सुरू करणारा कोड, हे सगळं तबकडीवर सेक्टरांमध्येच लिहिलेलं असतं, म्हणून ते इमेजमध्ये आपोआप येतं. फायली निवडून कॉपी केल्या की यातलं निम्मं मागे राहतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोणतीही आयएसओ हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट्स आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. पहिले १६ सेक्टर, म्हणजे १६ गुणिले २०४८, एकूण ३२,७६८ बाइट्स, यंत्रणेसाठी राखीव असतात. बऱ्याच इमेजमध्ये तिथे नुसती शून्यं दिसतात. त्यानंतर लगेच ०१ ४३ ४४ ३० ३० ३१ असे सहा बाइट्स येतात. त्यातले शेवटचे पाच अक्षरांत वाचले की ‘सीडी००१’ असं निघतं. ही त्या तबकडीची ओळखखूण. याच सेक्टरात तबकडीचं नाव असतं, एकूण सेक्टर किती ते असतं आणि मूळ फोल्डर कुठे सापडेल तेही असतं. फाइलचं नाव आयएसओ असूनही या जागी ही खूण नसेल, तर एक तर ती नुसत्या यूडीएफ या, फायलींची नोंद ठेवण्याच्या दुसऱ्या पद्धतीची तबकडी आहे, किंवा दुसऱ्याच प्रकारच्या इमेजचं नाव बदलून कोणीतरी ती पुढे सरकवली आहे.

‘आयएसओ’ हे नाव आलं १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकावरून. मूळच्या सर्वांत कडक पातळीत फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन, तीही इंग्रजी मोठ्या लिपीतली, एवढीच मुभा होती. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये त्यावर जोलिएट नावाची पुरवणी आणली आणि ६४ अक्षरांपर्यंतची, कोणत्याही लिपीतली नावं शक्य झाली. मराठी नावांच्या फायलींची आयएसओ बनवायची असेल तर जोलिएट किंवा यूडीएफ चालू आहे ना ते बघाच, नाहीतर सगळ्या नावांच्या जागी खुणा आणि आकडे उरतील. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ डोळ्याला नऊ अक्षरांचं दिसतं, पण संगणकाच्या हिशेबात मधल्या जागेसकट ते १९ आहे. ६४ ची मर्यादा त्यामुळे वाटते त्यापेक्षा फार लवकर संपते आणि नावांची शेपटं कापली जातात.

आता लोक इमेज का वापरतात. पूर्वी चिप, डिजिट, पीसीक्वेस्ट यांसारख्या मासिकांबरोबर सीडी यायच्या आणि तबकडी हातोहाती फिरायची. आता तबकडी फिरत नाही, तिची इमेज फिरते. हजारो फायलींचं सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये मावतं, कोणत्याही संगणकावर तसंच्या तसं उलगडतं, आणि व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी मशीनला तर ती फाइल जोडली की झालं, खरी तबकडी लागतच नाही. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं कारण म्हणजे तपासता येणं. एका फाइलचा एकच हॅश, म्हणजे तिच्या सगळ्या बाइट्सवरून गणिताने काढलेला ठसा, निघतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो आणि पाच जीबीच्या फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्ण वेगळा येतो. डाउनलोड पानावर दिलेला हॅश आणि तुमच्या फाइलचा हॅश जुळला, की फाइल अखंड आली.

विंडोजवर सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचए या मेनूतून हॅश काढता येतो. काही बसवायचं नसेल तर पॉवरशेलमधला गेट-फाइलहॅश आदेश आपणहून एसएचए-२५६ च देतो. एमडी५ आणि एसएचए-१ वर आता विसंबू नये. एसएचए-१ चा एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फायली २०१७ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवल्या गेल्या आहेत. डाउनलोड तुटला का, एवढंच बघायला ते चालतात.

पण हॅश जुळला म्हणजे फाइल खरीच, असंही नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलून बॅकडोर (घुसखोराला मागून शिरायची वाट) घातलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली गेली. संकेतस्थळच ताब्यात असेल तर घुसखोर तिथला हॅशही बदलू शकतो. म्हणून हॅशच्या यादीवर जीपीजी सही असते, म्हणजे बनवणाऱ्यांच्या गुप्त कीने केलेली डिजिटल सही. ती सही तपासायला पाचेक मिनिटं जातात, पण जी ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या बँकेच्या पासवर्डापर्यंत पोचणार आहे, तिच्यासाठी ती पाच मिनिटं द्यावीत.

पेनड्राइव्हवर कॉपी केलेली आयएसओ का चालली नाही, याचं उत्तर आता सोपं आहे. मशीन सुरू होताना पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरात किंवा ठरलेल्या विभागात बूट कोड शोधतं. तुम्ही ठेवलेली आयएसओ तिथे नुसती एक फाइल म्हणून पडून आहे. तिच्या पोटातले सेक्टर पेनड्राइव्हचे सेक्टर झालेले नाहीत. विनरारने ती उघडून आतल्या फायली पेनड्राइव्हवर टाकणं हाही भरवशाचा मार्ग नाही. मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम नव्या मशीनवर यूईएफआय असतो, जुन्यांवर बायोस. यूईएफआयवर हा मार्ग कधी चालून जातो, बायोसवर नाही.

बरोबर रीत अशी. आठ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा आधी ते दुसरीकडे हलवा. हॅश तपासलेली आयएसओ रुफस या बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये निवडा, पेनड्राइव्हचं नाव आणि आकार दोनदा बघा आणि लिहायला सुरुवात करा. लिनक्सच्या बऱ्याच इमेज हायब्रिड असतात, म्हणजे त्याच पहिल्या ३२,७६८ राखीव बाइट्समध्ये हार्ड डिस्कसारखा बूट सेक्टरही भरलेला असतो. अशी इमेज दिली की रुफस आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतं. आधी आयएसओ मोड घ्या, तो चालला नाही तर डीडी. डीडी मोडमध्ये इमेज सेक्टरामागून सेक्टर जशीच्या तशी उतरते. त्यानंतर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह एकदम लहान दिसेल किंवा ‘फॉरमॅट करायचा का’ असं विचारलं जाईल. घाबरू नका आणि हो म्हणू नका, विंडोजला ती रचना वाचता येत नाही एवढंच. काम झाल्यावर रुफसमध्येच नॉन-बूटेबल निवडून पेनड्राइव्ह पूर्ववत करता येतो. त्यासाठी डिस्कपार्टच्या काळ्या खिडकीत जाऊन ‘क्लीन’ देणारे बरेच असतात. तिथे डिस्कचा क्रमांक चुकला तर आतली हार्ड डिस्क साफ होते.

विंडोजच्या आयएसओची अडचण वेगळी आहे. ती हायब्रिड नसते, त्यामुळे एचरसारख्या नुसतं सेक्टर उतरवणाऱ्या साधनाने पेनड्राइव्ह बूट होत नाही. शिवाय आतली इन्स्टॉल नावाची मुख्य फाइल बहुतेकदा चार जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. हाताने कॉपी करणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते. रुफस एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटचा विभाग करून, त्याच्या जोडीला छोटा यूईएफआय विभाग ठेवून ही वाट काढतं.

नुसती आयएसओ फाइल कॉपी करून चालते असा एकच ठळक अपवाद आहे, व्हेंटॉय. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की त्यावर हव्या तितक्या आयएसओ टाका, सुरू होताना यादी येते. दहा संगणकांची देखभाल करणाऱ्या शाळेच्या लॅबला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. सिक्युअर बूट (ओळखीच्या सहीचाच बूट कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर पहिल्या वेळी त्याची की नोंदवावी लागते. ती निळी पाटी आली की लोक ‘बिघडलं’ म्हणून बंद करतात.

बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप दाबून एफ९. एसरवर एफ१२ असलं तरी ते सेटअपमधून आधी चालू करावं लागू शकतं.

इमेजमधल्या फायलीच फक्त बघायच्या असतील तर पेनड्राइव्ह करायची गरज नाही. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केलं की नवा ड्राइव्ह दिसतो. काम संपल्यावर त्यावर राइट क्लिक करून इजेक्ट. मॅकवरही डबल क्लिकच, लिनक्सवर लूप पर्याय देऊन माउंट. हा ड्राइव्ह फक्त वाचायचा असतो, आत काही बदलता येत नाही. कधी विंडोज माउंट करायला नकार देतं आणि फाइल एनटीएफएसवर, कॉम्प्रेस न केलेल्या फोल्डरमध्ये आहे का ते बघा असं सांगतं. फाइल तर एनटीएफएसवरच असते, म्हणून माणूस चक्रावतो. खरं कारण बहुधा हे असतं की डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमने फाइलवर ‘स्पार्स’ अशी खूण ठेवलेली असते. त्याच फोल्डरमध्ये फाइलची एक प्रत काढा आणि ती उघडा, चालते.

मेलमधून आलेली आयएसओ मात्र उघडू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं आणि त्या खुणेमुळे इशारे दिसतात. माउंट केलेल्या आयएसओच्या आतल्या फायलींपर्यंत ही खूण पोचत नव्हती. हल्लेखोरांनी याचा मनसोक्त फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये ही फट बुजवली. अपडेट बंद ठेवलेल्या मशीनवर ती अजून उघडीच आहे. बिल किंवा कुरिअरची पावती आयएसओमध्ये यायला काहीच कारण नसतं.

आता घरातला गठ्ठा. इथे ‘सगळ्यांची आयएसओ करून ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निम्म्या तबकड्यांच्या बाबतीत चुकीचा आहे. का, ते कळायला सीडीचा एक सेक्टर आतून बघावा लागतो. सीडीच्या प्रत्येक सेक्टरात २३५२ बाइट्स असतात आणि दर सेकंदाला असे ७५ सेक्टर वाचले जातात. डेटा सीडीत त्यातले १२ बाइट्स सेक्टर कुठे सुरू झाला हे ओळखायला, ४ पत्त्याला, २०४८ खऱ्या माहितीला, ४ चूक ओळखायला, ८ रिकामे आणि २७६ चूक दुरुस्त करायला. बेरीज करून बघा, २३५२ होते. आयएसओमध्ये फक्त मधले २०४८ येतात, आणि डेटा सीडीसाठी तेवढे पुरेसे आहेत, कारण बाकीचे नवी तबकडी लिहिताना पुन्हा तयार होतात. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर, म्हणून ७३,७२,८०,००० बाइट्स. हीच आपली ‘७०० एमबी’ची सीडी.

ऑडिओ सीडीत हा हिशेब लागूच होत नाही. तिथे सगळे २३५२ बाइट्स आवाजाचे असतात आणि फायली, फोल्डर असं काही नसतंच. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक ट्रॅकपुढे सीडीए नावाची एक फाइल दाखवतं. ती अवघी ४४ बाइट्सची असते आणि तिच्यात ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढंच लिहिलेलं असतं. कित्येक घरांत नाट्यसंगीताच्या अख्ख्या सीडी अशा ‘कॉपी’ करून ठेवलेल्या असतात. फोल्डर बघावं तर दहा फायली आणि मिळून ४४० बाइट्स. मूळ सीडी फेकली की त्यात आवाज कुठेच नसतो. तुमच्या फोल्डरमध्ये असं झालं आहे का ते आजच बघा. ऑडिओ सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या साधनाने क्यू शीटसह फ्लॅक या, आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या प्रकारात घ्यावी. क्यू शीट ही साधी मजकूर फाइल असते, प्रत्येक ट्रॅक मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग एवढ्या अचूकतेने कुठे सुरू होतो ते ती सांगते. नाटकातल्या पदांमधली शांतता, एका रागातून दुसऱ्यात न थांबता जाणं, हे तिच्यामुळेच जसंच्या तसं राहतं.

व्हीसीडीचं दुखणं याहून नाजूक आहे, आणि एका पिढीची लग्नं, मुंजी, वाढदिवस याच तबकड्यांवर आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. व्हीसीडीतल्या चित्रफितीच्या सेक्टरांमध्ये २३२४ बाइट्स माहितीचे असतात. दुरुस्तीचे २७६ बाइट्स काढून ती जागा चित्राला दिलेली असते. त्यामुळे जास्त चित्र मावतं, पण ओरखडा पडला की ड्राइव्हला दुरुस्त करायला हाताशी कमी काही असतं. अशा तबकडीची २०४८ च्या हिशेबाने आयएसओ केली तर प्रत्येक सेक्टरातला तुकडा कापला जातो आणि चित्र चौकोनी ठिगळांचं होतं किंवा चालतच नाही. व्हीसीडीची इमेज बिन आणि क्यू या जोडीतच घ्यायची. बिनमध्ये पूर्ण २३५२ चे सेक्टर, क्यूमध्ये ट्रॅकांची नोंद. ही दोन भावंडं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. बिनचं नाव बदललं तर क्यूमध्येही नोटपॅडने ते बदला, नाहीतर फाइल सापडत नाही असा संदेश येईल.

बहुतेक जण एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल हार्ड डिस्कवर ओढून टाकतात. तबकडी निरोगी असेल तर हेही चालतं, व्हीएलसी ती फाइल वाजवतं. पण एक सेक्टर जरी वाचता आला नाही तरी विंडोज सायक्लिक रिडंडन्सी चेकची चूक दाखवून थांबतं आणि तोवर झालेली कॉपीही टाकून देतं. पाऊण तासाच्या फितीतला एक सेक्टर म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. तो गेला तर चित्र क्षणभर थरथरेल, बस. त्या एका थरथरीपायी सगळं लग्न गमावण्यात अर्थ नाही. इमगबर्नमध्ये रीडच्या सेटिंगमध्ये वाचनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय आहे. तो लावून इमेज घ्या, वेग कमीत कमी ठेवा, आणि खराब जागी ड्राइव्ह अर्धा तास घुटमळत राहिला तरी मध्येच बंद करू नका.

डीव्हीडी त्यामानाने सरळ. तिथे सेक्टर २०४८ चाच धरायचा, म्हणून आयएसओच योग्य. लग्नाच्या डीव्हीडीची आयएसओ व्हीएलसीमध्ये थेट उघडते, मेनूसकट. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची म्हणतात आणि विंडोजला ४.३८ दिसते, त्यात काही गहाळ नाही. एकजण हजाराने भागतो, दुसरा १०२४ ने.

स्टुडिओने दिलेल्या फोटोंच्या सीडीत वेगळा सापळा असतो. साखरपुड्याचे फोटो एकदा राईट केले, लग्नाचे महिन्याने त्याच सीडीवर: अशी तबकडी मल्टिसेशन असते. प्रत्येक सेशनची स्वतःची फायलींची यादी असते, आणि सीडी ड्राइव्हमध्ये घातली की शेवटची यादी दिसते. साध्या पद्धतीने सेक्टर उतरवून आयएसओ केली तर वाचणारा प्रोग्रॅम सोळाव्या सेक्टरावरची (मोजणी शून्यापासून), म्हणजे पहिल्या सेशनची यादी उघडतो. साखरपुडा दिसतो, लग्न दिसत नाही. उलटही होतं: राईट करणाऱ्याने दुसरं सेशन पहिल्याशी न जोडता लिहिलं असेल तर सीडी घातल्यावर फक्त लग्नच दिसतं आणि साखरपुड्याचे फोटो ‘पुसले गेले’ असं वाटतं. ते पुसलेले नसतात. आयझोबस्टरसारख्या साधनात तबकडीची सगळी सेशन वेगवेगळी दिसतात, प्रत्येकातून फोटो बाहेर काढून घ्या. आत भरलेल्या फोटोंपेक्षा सीडीवरची वापरलेली जागा बरीच जास्त दिसत असेल, तर हा संशय धरायचा. मात्र दुसरं सेशन उघडायलाच सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३ एमबी खर्च होतात, तेवढं वजा करून बघा.

तबकडी वाचताना अडखळत असेल तर आधी ती पुसा. साधं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर पडणारा ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि सलग बरेच बाइट्स मारतो. टूथपेस्टने घासण्याचा उपाय सरसकट करू नये. लोक चकचकीत बाजूला जपतात, पण सीडीत माहितीचा थर नाव लिहिलेल्या बाजूच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पुष्कळदा सुसह्य असतो. वरच्या बाजूला बॉलपेनने लिहिलं किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला, तर चंदेरी थरच त्याबरोबर निघून येतो. तबकडी उजेडात धरली आणि आरपार ठिपके दिसले, तर तिथली माहिती गेली, ती कोणत्याही साधनाने परत येत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा लागून बुरशी धरलेल्या तबकड्या पुष्कळ निघतात. बुरशी वरवरची असेल तर धुऊन जाते. थरात शिरलेली जात नाही.

खराब डेटा सीडी किंवा डीव्हीडीसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू सर्वांत चांगलं. ब्लॉकचा आकार २०४८ द्या आणि मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका. कोणते सेक्टर आले, कोणते राहिले, याची ती वही असते. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडायला लावू नका, जे सहज येतं ते पदरात पाडा. दुसऱ्या फेरीत थेट वाचनाचा पर्याय लावून तीन प्रयत्न द्या. मग तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल पुन्हा वापरा. एका ड्राइव्हला न दिसणारे सेक्टर दुसऱ्याला दिसणं अगदी नेहमीचं आहे. त्याच डीव्हीडीची आणखी एक प्रत मामांकडे किंवा आत्याकडे असेल तर ती मागवा: दोन्ही एकाच इमेजवरून राईट केलेल्या असतील तर एकीची भोकं दुसरीने भरतात. ऑडिओ आणि व्हीसीडीला हे साधन चालत नाही, कारण ते २०४८ चेच सेक्टर मागतं.

बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह घेतला असेल तर तो लॅपटॉपला थेट लावा. तबकडी फिरायला सुरू होताना जास्त वीज लागते आणि स्वस्त हबमधून ती मिळत नाही. मग टकटक आवाज येतो, ड्राइव्ह गायब होतो आणि दोष बिचाऱ्या तबकडीला जातो.

इमेज पूर्ण झाली का, हे मोजून बघता येतं. लिनक्सवर आयएसओइन्फो तबकडीच्या यादीत लिहिलेली एकूण सेक्टरांची संख्या सांगतं. तिला २०४८ ने गुणा. इमेज तेवढी किंवा थोडी मोठी असेल तर पूर्ण आहे, लहान असेल तर शेपूट तुटलं आहे. घरी राईट केलेल्या काही सीडींमध्ये अगदी शेवटी वाचनाची चूक येते, आणि लोक इमेज वाया गेली म्हणून पुसून टाकतात. ट्रॅक-अ‍ॅट-वन्स पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन सेक्टर भरतीचे असतात, ते वाचता येतच नाहीत. वरच्या गुणाकाराने आकार पुरतो असं दिसलं तर ती चूक सोडून द्या.

ड्राइव्हमध्ये घातल्यावर तबकडी कोरी दिसते, पण मागच्या बाजूला राईट झालेला गडद पट्टा स्पष्ट दिसतो, असंही होतं. विशेषतः छोट्या आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत. ती फायनलाइझ झालेली नसते, म्हणजे राईट केल्यावर तबकडी बंद करण्याची शेवटची पायरी राहिलेली असते. फॉरमॅट करू नका. तोच कॅमेरा मिळाला तर त्यातून फायनलाइझ करा, नाहीतर आयझोबस्टरने उचला.

बाकीचे प्रकार कमी भेटतात. एनआरजी निरोची, एमडीएफ-एमडीएस अल्कोहोलची, सीसीडी-आयएमजी-सब क्लोनसीडीची, डीएमजी मॅकची. विंडोजवर यातल्या डीएमजीखेरीज बाकीच्यांना विनसीडीएमू हे छोटं मोफत साधन पुरतं.

हक्कांबाबत दोन वाक्यं. विकत घेतलेल्या संगणक प्रोग्रॅमची, हरवण्या-बिघडण्यापासून जपणूक म्हणून बॅकअप प्रत काढायला भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. ही मुभा प्रोग्रॅमची आहे, बाजारातल्या चित्रपटाच्या डीव्हीडीला ती सरसकट लागू धरू नका, आणि तिचं कुलूप तोडण्याबाबत २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-ए वेगळं आहे. डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरला डाँगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्लीसारखी वस्तू, लागत असेल तर सीडीची इमेज डाँगलची जागा घेत नाही, दोन्ही जपा.

प्रत्येक इमेजशेजारी तिच्या हॅशची मजकूर फाइल आणि तबकडीच्या वरच्या बाजूचा फोटो ठेवा. नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का बहुतेकदा तिथेच असतो. इमेजची एक प्रत एका हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात. गठ्ठ्याला हात घालताना कारखान्यात छापलेल्या चंदेरी सीडी शेवटी घ्या, त्यांचे खळगे प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात. आधी घरी किंवा स्टुडिओत राईट केलेल्या, मागून हिरवट किंवा निळसर दिसणाऱ्या तबकड्या घ्या, कारण त्यांच्यातली माहिती रंगाच्या थरात आहे आणि तो रंग फिका पडतो. त्यातही ज्यांची दुसरी प्रत कुणाकडेच नाही, त्या सर्वांत आधी.